रीडिंग ते वर्क ऑर्डर: मशीनच्या चालीवरून मेंटेनन्स काढणारी सॉफ्टवेअर

डेमोत सगळीच सॉफ्टवेअर छान दिसतात. पडद्यावर मोटरचं तापमान चढतं, आकडा लाल होतो, वर्क ऑर्डर, म्हणजे मेंटेनन्सच्या कामाचा आदेश, निघते आणि दुसऱ्या क्षणी फिटरच्या मोबाईलवर पोचते. मी मेंटेनन्स प्लॅनिंग बघते, मशीन शॉप आणि युटिलिटी (कॉम्प्रेसर, ब्लोअर वगैरे) दोन्हीकडचं. मशीनच्या चालू रीडिंगवरून काम आपणहून काढणारं सॉफ्टवेअर आम्हाला घ्यायचं होतं, त्यामुळे असे डेमो पुष्कळ पाहिले आणि काही सॉफ्टवेअर आमच्याच मशीनना जोडून चालवूनही पाहिली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. आकडा लाल होणं आणि वर्क ऑर्डर निघणं, या दोन्हींच्या मधे सॉफ्टवेअर काय करतं त्यावर ते निवडावं. ग्राफ, रंग, ॲपचा देखणेपणा हे सगळं नंतर बघता येतं.

आधी हे हवं कशाला, ते. पीएम (प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, बिघाड व्हायच्या आधीच करायची देखभाल) म्हणजे तारखेचं काम, अशी सगळ्यांना सवय असते. तिमाही आली की ग्रीस, सहामाही आली की ऑइल बदल. मग मशीन त्या काळात तिन्ही पाळ्या चाललेलं असो, नाहीतर ऑर्डर नाही म्हणून उभं असो. १९७८ साली स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी युनायटेड एअरलाइन्समधल्या कामावरून अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या ज्या भागांचा त्यांनी अभ्यास केला, त्यांपैकी फक्त ११ टक्के असे निघाले की ठरावीक मुदतीनंतर ते बदलण्यात काही अर्थ होता. उरलेल्या ८९ टक्क्यांना मुदत लावून फायदा नव्हता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ६८ टक्के भागांमध्ये बिघाडाची शक्यता सगळ्यात जास्त होती ती नवीन बसवल्यावर, सुरुवातीच्या काळातच. विमान वेगळं, लेथ वेगळी, त्यामुळे हे टक्के जसेच्या तसे कारखान्याला लावता येणार नाहीत. पण नीट चाललेलं मशीन उगाच उघडलं की त्यातून नवं दुखणं निघतं, हे कुठल्याही जुन्या फिटरला सांगावं लागत नाही.

म्हणून तारीख पूर्ण सोडायची, असंही नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर व्हेसलची तपासणी, फायर पंपाची चाचणी ही कामं तारखेलाच झाली पाहिजेत. सॉफ्टवेअरला ‘सहा महिने किंवा २,००० तास, जे आधी होईल ते’ एवढं एकाच प्लॅनमध्ये सांगता आलं पाहिजे. हे सगळेच जमतं म्हणतात. काहींच्यात मात्र त्याचे दोन वेगळे प्लॅन करावे लागतात, आणि तासांवर काम झालं तरी तारखेचा प्लॅन जागचा हलत नाही. मग पंधरा दिवसांत तेच काम पुन्हा समोर येतं. डेमोत हे करून दाखवा म्हणायचं, तोंडी उत्तरावर थांबायचं नाही.

‘रिअल टाइम’ या शब्दाबद्दलही आधीच स्पष्ट असावं. ल्युब ऑइलचं प्रेशर पडलं तर मशीन तिथल्या तिथे थांबायला हवं. ते काम पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) इंटरलॉकचं, म्हणजे धोका दिसताच मशीन थांबवणाऱ्या बंदोबस्ताचं, कुठल्याही मेंटेनन्स सॉफ्टवेअरचं नाही. इंटरलॉकची जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाका असं कुणी सुचवलं, तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवावं. उलट बेअरिंग खराब होत जातं ते बहुधा आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने. तिथे पाच मिनिटांनी एक रीडिंग आलं तरी पुरतं. त्यामुळे सेकंदाला किती रीडिंग घेता, हा प्रश्न मी विचारतच नाही. मी विचारते, मर्यादा ओलांडल्यापासून वर्क ऑर्डर हातात पडेपर्यंत किती वेळ जातो? इथे मोठमोठी नावंही सेटिंगवर अवलंबून असतात. एसएपी या कंपनीभराच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमध्ये काउंटरवरचे (चाललेले तास मोजणाऱ्या आकड्यावरचे) प्लॅन पुढे सरकतात ते डेडलाइन मॉनिटरिंगचा जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालतो तेव्हा. आयबीएमच्या मॅक्सिमो या मेंटेनन्स सॉफ्टवेअरमध्ये पीएमच्या वर्क ऑर्डर काढायला क्रॉन टास्क, म्हणजे असाच वेळापत्रकावरचा जॉब, लावलेला असतो. हा जॉब रात्री एकदाच चालत असेल, तर सेन्सर कितीही वेगवान असला तरी तुमचा रिअल टाइम म्हणजे उद्या सकाळ. बहुतेक कामांना उद्या सकाळ चालते. पण कुठल्या कामाला चालते आणि कुठल्या नाही, हे आपल्याला माहीत हवं आणि जॉबची वेळ तशी बदलता आली पाहिजे.

यापुढचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारं प्रकरण म्हणजे रीडिंग खरं आहे का, हे सॉफ्टवेअरला कळतं का.

जुन्या मशीनवर बहुतेक वेळा मॉडबस हा मशीनमधून आकडे वाचायचा प्रोटोकॉल असतो. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने काढलेला, साधा आणि टिकाऊ. पण त्यात रजिस्टरमधून (आकडा ठेवायच्या कप्प्यातून) नुसता आकडा येतो. तो कधीचा आहे, भरवशाचा आहे की नाही, याबद्दल तो आकडा काही सांगत नाही. एक रजिस्टर १६ बिटांचं, म्हणजे ६५,५३५ च्या पुढे पुन्हा शून्य. मोठा आकडा दोन रजिस्टरमध्ये विभागून येतो, आणि त्यांचा क्रम उलटा वाचला गेला की गंमत होत नाही, गोंधळ होतो: कॉम्प्रेसरचे १२,००० तास ७८ कोटी ६४ लाख ३२ हजार तास होऊन बसतात. असा आकडा आल्यावर सॉफ्टवेअर काय करतं, ते मी मुद्दाम बघते. चांगलं सॉफ्टवेअर तो नाकारतं आणि मला कळवतं, कारण दिवसाचे तास २४ आणि तासांचा काउंटर एका दिवसात त्याहून जास्त पुढे जाऊच शकत नाही. वाईट सॉफ्टवेअर तो मुकाट्याने लिहून घेतं आणि त्या कॉम्प्रेसरच्या सगळ्या सर्व्हिस थकल्या म्हणून जाहीर करतं. पीएलसीची बॅटरी गेली आणि काउंटर शून्यावर आला, मीटर बदलला, काउंटर गोल फिरून पुन्हा सुरू झाला (ओव्हरफ्लो किंवा रोलओव्हर), या तीन वेगवेगळ्या घटना आहेत आणि तिन्ही वेगळ्या हाताळाव्या लागतात. एसएपीच्या मेझरिंग पॉइंटवर काउंटर ओव्हरफ्लोसाठी रकाना आहे, मॅक्सिमोच्या सलग मीटरवर रोलओव्हरचा आकडा भरता येतो. नव्या, चकचकीत क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना शोधा. सापडला नाही, तर ते करणाऱ्यांनी अजून जुन्या मशीनशी फार दिवस काढलेले नाहीत, असं समजा.

दुसरी परीक्षा तारेची. ० ते १० बारचा प्रेशर ट्रान्समीटर (प्रेशर मोजून करंटच्या रूपात पाठवणारं उपकरण) ४ ते २० मिलिॲम्पिअर देतो: ४ म्हणजे शून्य बार, २० म्हणजे दहा. तार तुटली की करंट शून्य, आणि सरळ हिशेब केला तर प्रेशर येतं उणे अडीच बार. असं प्रेशर जगात कुठे असत नाही. तरी आम्ही लावलेल्या एका सॉफ्टवेअरने ‘प्रेशर कमी’ म्हणून हायड्रॉलिक पंप तपासायची वर्क ऑर्डर काढली. फिटरने पंप तपासला, तो ठणठणीत होता, आणि शोधता शोधता वेळ गेल्यावर जंक्शन बॉक्समध्ये सुटलेली तार सापडली. नामूर या प्रोसेस उद्योगातल्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे ३.६ मिलिॲम्पिअर किंवा त्याखाली आणि २१ किंवा त्यावर सिग्नल गेला तर तो बिघाड समजायचा. म्हणजे वर्क ऑर्डर निघायलाच हवी होती, पण पंपाच्या फिटरला नाही, इन्स्ट्रुमेंटवाल्याला. ओपीसी यूए या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक आकड्याबरोबर त्याचा दर्जा आणि वेळेचा शिक्का येतो, हे त्याचं मोठं देणं आहे. पण सॉफ्टवेअर तो दर्जा वाचतच नसेल, फक्त आकडा उचलत असेल, तर ओपीसी यूए असून नसल्यासारखं. एमक्यूटीटी या संदेश पाठवायच्या प्रोटोकॉलवर तर शेवटचा संदेश ब्रोकरने (मधल्या सर्व्हरने) राखून ठेवलेला असेल, तर नव्याने जोडणाऱ्याला जुनाच आकडा ताजा म्हणून मिळतो. डेमोत मी सेन्सरची तार काढायला लावते. पुढच्या दहा मिनिटांत पडद्यावर काय दिसतं, त्यावरून बरंच कळतं.

आता नियम. ‘तापमान ८० च्या वर गेलं की काम काढ’ एवढाच नियम लिहिता येत असेल, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. आकडा ७९.८ आणि ८०.२ च्या मधे खेळत राहतो आणि प्रत्येक वेळी नवी वर्क ऑर्डर निघते. एका क्लाउड सॉफ्टवेअरने आमच्याकडे एका रात्रीत कॉम्प्रेसरवर अशीच चळत लावली. सकाळी फिटर मोबाईल पुढे करून म्हणाला, “मॅडम, यातलं नक्की कुठलं करू?” कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, मर्यादा वाढवा. ते उत्तरच चुकीचं आहे. मर्यादा मशीनच्या गरजेवरून ठरते, सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी नाही. नियमात तीन गोष्टी हव्यात: मर्यादा किती वेळ सलग ओलांडली गेली, परत किती खाली आल्यावर स्थिती साधी मानायची, आणि त्याच कारणाची वर्क ऑर्डर आधीच उघडी असेल तर नवी न काढता हे रीडिंग तिच्यातच जोडायचं. यातलं तिसरं नसलं तर पहिली दोन असूनही भागत नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात कमी ठिकाणी नीट जमलेलं दिसलं.

त्याच्याही पुढचा प्रश्न: मशीन त्या वेळी काय करत होतं? डस्ट कलेक्टरचा ब्लोअर घ्या, ३७ किलोवॉटची मोटर, पक्क्या पायावर बसवलेली. आयएसओ १०८१६-३ या मानकात अशा मधल्या आकाराच्या मशीनसाठी कंपनाच्या हद्दी १.४, २.८ आणि ४.५ मिलिमीटर प्रति सेकंद अशा होत्या. २.८ च्या वर गेलं की दुरुस्तीची तयारी, ४.५ च्या वर नुकसानीचा धोका. पण ब्लोअर सुरू होताना, किंवा ड्राइव्हवर वेग बदलताना एखाद्या आरपीएमला कंपन क्षणभर उसळतं, ते बेअरिंगचं दुखणं नसतं. म्हणून ‘वेग ठरलेल्या पट्ट्यात असेल आणि मशीन दहा मिनिटं स्थिर चाललं असेल, तरच हे रीडिंग धर’ असं सांगता यायला हवं. शिवाय त्याच मानकात आणखी एक निकष होता, जो मला हद्दीपेक्षाही कामाचा वाटतो: २.८ च्या पाव हिश्श्याहून, म्हणजे ०.७ हून जास्त फरक पडला, तर आकडा हद्दीच्या आत असला तरी दखल घ्यायची. १.२ वर शांत चालणारा ब्लोअर २.१ वर आला, तर तो अजून हद्दीच्या आतच आहे. पण त्याच्यात काहीतरी बदललंय. हे पकडायचं तर सॉफ्टवेअरला त्या मशीनची मूळ पातळी ठाऊक हवी, आणि बेअरिंग बदलल्यावर ती पातळी नव्याने घेता आली पाहिजे. ही सोय कमी ठिकाणी दिसली. एका ठिकाणी मूळ पातळी बदलायला कंपनीच्या माणसाला सांगावं लागत होतं. बेअरिंग बदलणारा फिटर, आणि पातळी बदलणारा कुठेतरी दूर बसलेला माणूस, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

सेन्सर न लावता मिळणाऱ्या माहितीकडे लोक फार कमी बघतात, याची मला खंत वाटते. मशीनची चाल हीच मोठी माहिती आहे. क्लॅम्पला लागणारा वेळ १.८ सेकंदांवरून हळूहळू २.६ वर गेला, तर बहुधा हायड्रॉलिकमध्ये कुठेतरी आतून गळती आहे किंवा व्हॉल्व्ह अडकतोय. हा वेळ पीएलसीत आधीच आहे, फक्त बाहेर काढायचा. सीएनसीवर (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर) फॅनक कंपनीचा कंट्रोलर असेल तर तिच्या फोकस लायब्ररीतून, नाहीतर मशीन देत असेल तर एमटीकनेक्ट या मशीनचा डेटा देणाऱ्या मानकावरून, चक्राचा वेळ (एक पार्ट व्हायला लागणारा वेळ), स्पिंडलचा लोड, अलार्म सगळं मिळतं. मात्र चक्राचा वेळ ४२ सेकंदांचा ४५ झाला म्हणून लगेच काम काढायचं नाही. ऑपरेटरने फीड ओव्हरराइड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग कमी-जास्त करायची सोय) ८० टक्क्यांवर ठेवला असेल, कच्चा माल कडक आला असेल, पार्ट बदलला असेल. सॉफ्टवेअर पार्ट नंबर आणि ओव्हरराइड बरोबर वाचत असेल, तरच चक्राच्या वेळेवर नियम लावण्यात अर्थ. नुसत्या ओईईवर (मशीनच्या एकूण परिणामकारकतेच्या आकड्यावर) तर कधीच लावू नये. उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा तो गुणाकार. तो पडला म्हणून फिटरला पाठवलं तर त्याने नक्की काय उघडायचं?

नावं घेऊन सांगायचं तर: एसएपी आधीपासून असेल तर वर्क ऑर्डर तिथून हलवू नये. स्पेअर, खर्च, खरेदी सगळं तिथे बांधलेलं असतं, आणि काउंटरच्या वार्षिक अंदाजावरून तो पुढची तारीख काढतो, तेही बहुतेक कामांना पुरतं. कच्ची रीडिंग मात्र त्यात ओतू नयेत; ती वेगळ्या थरात (मशीन आणि एसएपी यांच्या मधल्या सॉफ्टवेअरमध्ये) गाळून, ठरलेली तेवढीच वर पाठवावीत. मॅक्सिमोत मीटरचे तीन प्रकार आहेत, सलग (वाढत जाणारा), गेज (वर-खाली होणारा) आणि कॅरॅक्टरिस्टिक (ठरलेल्या यादीतून निवडायचा), आणि कंडिशन मॉनिटरिंगमध्ये सूचनेची हद्द वेगळी, कृतीची वेगळी ठेवता येते. मेंटेनन्सवाल्यांनी विचार करून केलेली रचना आहे ती, मला मनापासून आवडते. पण सांभाळायला पूर्णवेळ माणूस लागतो. इग्निशन हे मशीनची रीडिंग गोळा करून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, मेंटेनन्सचं नाही, पण मधल्या थरासाठी उत्तम. टॅगच्या (जोडलेल्या रीडिंगच्या) संख्येवर परवाना मोजत नाही, त्यामुळे एखादं रीडिंग जोडताना हात आखडता घ्यावा लागत नाही, आणि अलार्मला डेडबँड (परत किती खाली आल्यावर स्थिती साधी मानायची ते अंतर) व विलंब दोन्ही मिळतात. नुसतं करून बघायचं असेल तर नोड-रेड या ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या साधनावर एका मशीनचा नियम लिहून बघावा. खुलं आहे, शिकायला सोपं आहे, आणि आपल्याला नक्की काय हवंय ते त्यातून इतकं स्पष्ट होतं की पुढच्या डेमोत आपले प्रश्नच बदलतात.

एआयवर थोडक्यात. बिघाडाचा अंदाज शिकायला बिघाड व्हावे लागतात, आणि त्यांची नीट नोंद असावी लागते. एका ब्लोअरचं बेअरिंग पाच वर्षांत एकदा जातं, त्यातून मॉडेल काय शिकणार? एकसारखी शंभर मशीन असतील तर जरूर बघा. आमच्यासारख्या मिश्र शॉपमध्ये आधी साधे नियम नीट चालू द्या.

फिटरच्या बाजूचं मी कधीच सोडत नाही, कारण शेवटी काम तोच करतो. वर्क ऑर्डरमध्ये कुठलं रीडिंग, किती, कधीपासून, आणि मागच्या वेळी काय केलं होतं हे त्याला एका पानात दिसलं पाहिजे. काम बंद करताना त्याला काय सापडलं हे विचारलं पाहिजे, आणि पर्याय मोजके हवेत. बिघाडाच्या कोडची लांबलचक यादी दिली की सगळे ‘इतर’ निवडतात, आणि वर्षभराने हातात काहीच उरत नाही. ‘काही सापडलं नाही’ हा पर्याय तर पहिल्या ओळीत हवा, कारण नियम चुकीचा लागलाय हे फक्त तिथूनच कळतं. असा पर्यायच नसलेलं सॉफ्टवेअरही मी पाहिलं आहे. तिथे फिटर ग्रीस मारल्याचं लिहून काम बंद करत होते.

शेवटी आम्ही जुनं वर्क ऑर्डरचं सॉफ्टवेअर तसंच ठेवलं, नियम मधल्या थरात लिहिले, आणि ब्लोअर, कॉम्प्रेसर व हायड्रॉलिक पॅक एवढ्यांवरच सुरुवात केली. वर्क ऑर्डर कमी निघतात, आणि ज्या निघतात त्यांच्याकडे फिटर आता लक्ष देऊन बघतात. अडचण एक उरली आहे, आणि अशी जोडणी करणाऱ्या प्रत्येकाला ती येईल: मशीनची नावं दोन ठिकाणी ठेवावी लागतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी मशीनचा नंबर बदलला, तर मधल्या थराने पाठवलेलं काम बेवारस होतं आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. म्हणून आम्ही रोज पहाटे दोन्हीकडच्या याद्या आपोआप जुळवून फरकाची यादी काढतो, आणि ती यादी रिकामी असली तरी ‘जुळलं’ असा निरोप येतो. ज्या दिवशी निरोपच येत नाही, त्या दिवशी मी चहाच्या आधी सर्व्हर बघते.